चोवीस तासांचा हवामान अंदाज मोबाइलवर कसा वाचावा आणि कामाला कसा लावावा

मोबाइलवर हवामान पाहणारे बहुतेक लोक ॲप उघडतात, ढगाचे चित्र पाहतात आणि छत्री घ्यायची की नाही ते ठरवतात. चित्रात पाऊस असूनही आकाश कोरडे राहिले की अंदाज चुकला म्हणतात आणि चित्रात ऊन असताना भिजले की ॲप बदलतात. अशा वेळी दोष अंदाजाचाच असतो असे नाही. पुष्कळदा आपण नको तो अंदाज नको त्या वेळी वाचलेला असतो. जिल्ह्याचा दिवसभराचा इशारा, गावाचा तासागणिक अंदाज, पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि रडारचे चित्र ही चार वेगळी साधने आहेत. ती याच क्रमाने, दूरच्या वेळेकडून जवळच्या वेळेकडे येत वापरायची असतात. पुढील टप्पे महाराष्ट्र आणि गोव्यातील रोजची कामे समोर ठेवून लिहिले आहेत: कामावर जाणे-येणे, वाळवण घालणे, फवारणी, काढणी, मोकळ्या मैदानावरचा समारंभ आणि घाटातला प्रवास.

टप्पा १ : आधी काम आणि बचावाला लागणारा वेळ ठरवा

ॲप उघडण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतःशी स्पष्ट कराव्यात. पाऊस आला तर आपले नेमके काय बिघडणार आहे, आणि ते वाचवायला किती वेळ लागणार आहे? दुसऱ्या प्रश्नाकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात. कोणता अंदाज उपयोगाचा हे मात्र त्याच्या उत्तरावरून ठरते.

गच्चीवर घातलेल्या कुरडया उचलायला दहा मिनिटे पुरतात. तिथे आदल्या रात्रीचा अंदाज ढोबळ असला तरी चालतो, कारण अर्ध्या तासाची पूर्वसूचना मिळाली तरी काम होते. कांदा काढून पातीसकट शेतात पसरलेला असेल, तर मजूर गोळा करणे, पाटीने कांदा एका जागी आणणे आणि ताडपत्री घालून कडा मातीने दाबणे यात अर्धा दिवस सहज जातो. अशा शेतकऱ्याला तीन तासांचा तात्काळ अंदाज अचूक मिळाला तरी त्याच्या हाती वेळ उरत नाही, म्हणून त्याने आदल्या दिवशीच्या इशाऱ्यावरच निर्णय घेतला पाहिजे. तो इशारा कधी कधी खरा ठरणार नाही आणि ताडपत्रीचे श्रम वाया जातील, हे धरूनच चालावे. मंगल कार्यालयाच्या मोकळ्या जागेत मांडव घालायचा असेल तर अवधी दोन-तीन दिवसांचा असतो, आणि तिथे तासागणिक अंदाज पाहत बसण्याचा उपयोग नाही.

नियम असा की, बचावाला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट पुढचे दाखवणारे साधन निवडावे.

*पडताळणी :* "पावसाची शक्यता किती झाली की मी हे काम थांबवीन?" या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता आले पाहिजे. ते देता येत नसेल, तर ॲपमध्ये काहीही दिसले तरी आपण मनाला हवे तेच करणार आहोत.

टप्पा २ : फोनची तयारी

हे काम एकदाच करायचे असते आणि ते वळवाचे दिवस सुरू होण्याआधी उरकावे. फोनबरोबर आलेले हवामानाचे ॲप ठेवायला हरकत नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. पुढील ॲप घ्यावीत.

१. 'मौसम' : भारतीय हवामान विभागाचे ॲप. जिल्ह्याचे इशारे, शहरांचे अंदाज, तात्काळ अंदाज आणि रडारची चित्रे यात एकत्र मिळतात.

२. 'दामिनी' : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले, विजांची सूचना देणारे ॲप.

३. 'सचेत' : राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ॲप. निरनिराळ्या सरकारी यंत्रणांचे इशारे आपल्या ठिकाणानुसार देते.

४. शेती असल्यास 'मेघदूत'. यातील कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी नवा होतो. म्हणून सोमवारी पाहिलेला सल्ला शुक्रवारचा आहे हे लक्षात ठेवावे.

५. 'विंडी'सारखे एखादे ॲप, ज्यात एकाच ठिकाणासाठी निरनिराळ्या संगणकीय प्रारूपांचे, म्हणजे हवेचे गणित मांडून अंदाज काढणाऱ्या संगणक कार्यक्रमांचे, अंदाज शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात.

यापेक्षा जास्त ॲप घेऊ नयेत. सात ॲप असली की त्यातले एखादे आपल्याला हवे ते सांगतेच, आणि मग आपण त्याचेच ऐकतो.

ॲप घेतल्यावर तीन गोष्टी तपासाव्या लागतात आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. पहिली म्हणजे ठिकाण. अनेक फोनमध्ये ठिकाणाच्या जागी जिल्ह्याचे मुख्यालय निवडलेले असते. जुन्नरचा शेतकरी पुण्याचा अंदाज पाहतो, सावंतवाडीचा माणूस ओरोसचा. आपले गाव किंवा जवळात जवळचे मोठे गाव नोंदवावे, आणि कामाचे ठिकाण वेगळे असेल तर तेही दुसरे म्हणून नोंदवावे. दुसरी म्हणजे सूचना दाखवण्याची परवानगी, जी ॲप घेताना घाईत नाकारलेली असते. तिसरी गोष्ट कोणी पाहतच नाही: बॅटरी वाचवण्याची सोय. ही सोय चालू असेल तर फोन पडद्याआड चालणारी ॲप झोपवतो, आणि दामिनीची सूचना वीज पडून गेल्यावर, आपण ॲप उघडतो तेव्हा दिसते. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन दामिनी आणि सचेत या दोन ॲपांसाठी बॅटरीचे निर्बंध काढून टाकावेत आणि दामिनीला ठिकाण पाहण्याची परवानगी कायमची द्यावी.

*पडताळणी :* शेतात किंवा घाटात जिथे आपण खरोखर काम करतो तिथे नेटवर्क येते का ते पाहावे. येत नसेल तर ॲपवर विसंबू नये. नेटवर्कमध्ये असलेल्या घरच्या माणसाने ठरावीक वेळी ॲप पाहायचे आणि निरोप पोचवायचा, अशी व्यवस्था आधीच लावावी.

टप्पा ३ : सकाळी जिल्ह्याचा इशारा शब्दशः वाचा

दिवसाची सुरुवात हवामान विभागाच्या इशाऱ्याने करावी. रंगांचे अर्थ ठरलेले आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे आता कृती करा. रंग ठरवताना पाऊस किती पडेल एवढेच पाहिले जात नाही. तो पडण्याची शक्यता आणि त्याचे संभाव्य परिणामही धरले जातात. शाळांची सुट्टी रंगावरून आपोआप ठरत नाही. तो निर्णय जिल्हाधिकारी किंवा महापालिका घेते.

रंगाखालचे शब्द मात्र रंगाइतकेच महत्त्वाचे असतात, आणि बातम्यांत तेच गाळले जातात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातील पाऊस मोजणाऱ्या पाव हिश्शापर्यंतच्या केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच' किंवा 'अनेक ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत, आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहूनही अधिक. म्हणून 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हे वाचून आपल्या गावात पाऊस पडलाच पाहिजे असे धरू नये, आणि तो न पडल्यास इशारा खोटा होता असेही म्हणू नये.

पावसाच्या जोराचे शब्दही मोजलेले असतात. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. दहा बाय दहा फुटांच्या गच्चीवर ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे सहाशे लिटर पाणी झाले. गच्चीच्या एका तुंबलेल्या नळीतून ते उतरणार आहे का, हा प्रश्न त्या दिवशी सकाळीच विचारावा. ढगफुटी हा शब्द तर कोणत्याही जोरदार सरीला लावला जातो. हवामान विभागाच्या लेखी तो तासाला १०० मिलिमीटर किंवा अधिक पावसासाठी आहे.

इशारा वाचताना होणाऱ्या दोन चुका फार महाग पडतात.

पहिली चूक घाटाची. पुणे, सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांसाठी घाट भागाचा इशारा अनेकदा वेगळा दिला जातो. 'पुण्याला रेड अलर्ट' या मथळ्यामागे पुष्कळदा ताम्हिणी किंवा लोणावळ्याच्या बाजूचा घाटमाथा असतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पासष्ट-एक किलोमीटरवरच्या पुणे शहरात सात-आठशे, हे माहीत असले की या वेगळ्या इशाऱ्याचे कारण कळते. पण याचा उलट अर्थ काढणेही तितकेच धोक्याचे आहे. नदीकाठी राहणाऱ्यांनी घाटाचा इशारा आपलाच समजावा, कारण घाटात पडलेले पाणी धरणातून आपल्याकडेच येणार असते. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या सखल वसाहतींत खडकवासल्याच्या विसर्गाचे पाणी शिरले, तेव्हा केवळ आपल्या डोक्यावरचे आकाश पाहून अंदाज बांधणाऱ्यांना सावरायला वेळ मिळाला नाही. अशा वस्त्यांत राहणाऱ्यांनी पावसाच्या अंदाजाबरोबर धरणाच्या विसर्गाची सूचना पाहण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरी चूक वेळेची. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. आज सकाळी नऊ वाजता 'गेल्या चोवीस तासांत ९० मिलिमीटर' असे वाचले, तर तो काल आणि काल रात्री पडून गेलेला पाऊस आहे. आज तेवढा पडेल असे त्यातून काहीही निघत नाही.

*सावधान :* व्हॉट्सॲपवर आलेल्या इशाऱ्याच्या चित्रावर दिनांक आणि वेळ दिसत नसेल तर ते पुढे पाठवू नये. गेल्या वर्षीचे लाल नकाशे दर पावसाळ्यात नव्याने फिरतात. इशारा खरा असेल तर तो मौसम किंवा सचेतवर दोन मिनिटांत सापडतो.

टप्पा ४ : तासागणिक अंदाज, चित्रांऐवजी आकड्यांवरून

इशारा पाहून झाल्यावर आपल्या गावाचा तासागणिक अंदाज उघडावा. ढगाच्या चित्राकडे लक्ष देऊ नये. एकाच चित्रात अर्धा मिलिमीटरची भुरभुर आणि तीस मिलिमीटरची झोड दोन्ही बसतात. पाहायचे असतात ते दोन आकडे: शक्यतेची टक्केवारी आणि पावसाचे मिलिमीटर.

टक्केवारीचा अर्थ लावताना गोंधळ ठरलेलाच असतो. ७० टक्के म्हणजे जोराचा पाऊस नव्हे, किंवा तासातली बेचाळीस मिनिटे पाऊस असेही नव्हे. त्या तासात त्या ठिकाणी पाऊस होण्याची शक्यता दहांत सात आहे, इतकाच त्याचा अर्थ. ३० टक्के लिहिलेल्या दहा वेळांपैकी सात वेळा कोरडे राहिले आणि तीन वेळा पाऊस आला, तर तो अंदाज दहाही वेळा बरोबरच होता. म्हणून पहिल्या टप्प्यात ठरवलेला आकडा इथे कामाला येतो. कामावर जाताना रेनकोट डिकीत टाकायला फारसे काही लागत नाही, तेव्हा ३० टक्क्यांनाही तो घ्यावा. पिकावर महागडे औषध फवारायचे असेल आणि फवारणीनंतर काही तास पाऊस नको असेल, तर तेच ३० टक्के फवारणी पुढे ढकलायला पुरेसे आहेत. किती तास कोरडे लागतात हे त्या औषधाच्या माहितीपत्रकावर पाहावे. फवारणीसाठी वाऱ्याचा आकडाही याच पानावर असतो, आणि तो ताशी पंधरा किलोमीटरच्या पुढे दिसला तर औषध शेजारच्या शेतात जाणार हे धरून थांबावे.

मिलिमीटरचा अंदाज येण्यासाठी ढोबळ हिशेब असा ठेवावा. तासाला एक-दोन मिलिमीटर म्हणजे चालताना छत्री पुरते. दहाच्या आसपास गेले की दुचाकीवर समोरचे नीट दिसत नाही. तीसच्या पुढे शहरातल्या सखल रस्त्यांवर पाणी साचू लागते.

आता दोन प्रारूपे शेजारी ठेवून पाहावीत, उदाहरणार्थ युरोपीय आणि अमेरिकी. ही प्रारूपे भूभागाचे चौकोन पाडून गणित करतात. युरोपीय प्रारूपाचा चौकोन सुमारे नऊ किलोमीटरचा असतो, आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टिमचा सहा किलोमीटरचा. एवढ्या चौकोनात सह्याद्रीचा कडा, दरी आणि पठार एकत्र मिसळून जातात, त्यामुळे घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर ॲप सारखाच आकडा दाखवू शकते. दोन प्रारूपे वेळ आणि प्रमाण या दोन्हींवर जवळपास एकमताची असतील तर विश्वास वाढवावा. एक सायंकाळी चारला पाऊस दाखवत असेल आणि दुसरे कोरडे दाखवत असेल, तर सरासरी काढू नये. 'अनिश्चित' अशी नोंद करावी आणि दुपारनंतर पुन्हा पाहावे.

वळवाच्या दिवसांत असे मतभेद नेहमीचेच असतात. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमधले गडगडाटी ढग दुपारच्या तापलेल्या जमिनीवर तासाभरात उभे राहतात आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात कोसळून संपतात. आज दुपारनंतर असे ढग होण्याजोगी हवा आहे, एवढे प्रारूप बरेचदा बरोबर सांगते, पण ते कोणत्या गावावर होतील हे सकाळी सांगता येत नाही. याउलट जुलैमध्ये अरबी समुद्रावरून वाऱ्याचा जोर असताना कोकणात येणारा पाऊस मोठ्या पट्ट्यात असतो आणि एक-दोन दिवस आधीचा अंदाज बराच टिकतो. ऋतू पाहून अंदाजावर भिस्त ठेवायला शिकणे ही या सगळ्या पद्धतीतली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे, असे माझे मत आहे.

*पडताळणी :* अंदाज कधीचा आहे ते पाहिले का? मोठी प्रारूपे जागतिक प्रमाणवेळेनुसार शून्य, सहा, बारा आणि अठरा वाजताच्या निरीक्षणांवरून चालवली जातात. आपल्याकडे त्या वेळा पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, सायंकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकरा होतात, आणि गणित होऊन ॲपवर यायला आणखी काही तास लागतात. रात्री नऊला पाहिलेला अंदाज सकाळी सातला जुना झालेला असतो.

टप्पा ५ : निघण्याआधी तात्काळ अंदाज आणि रडार

हवामान विभागाचा तात्काळ अंदाज पुढच्या तीन तासांपुरता असतो. त्यावर दिल्याची वेळ आणि वैधतेची वेळ लिहिलेली असते. दुपारी चारचा अंदाज सायंकाळी सातला संपतो. आठ वाजता तो वाचून निघणे म्हणजे काहीही न पाहता निघण्यासारखे आहे.

त्यानंतर रडार. मुंबईत कुलाबा आणि वेरावली येथे, शिवाय नागपूर आणि पणजी येथे हवामान विभागाची डॉप्लर रडारे आहेत. चित्रात निळा-हिरवा रंग हलका पाऊस दाखवतो, पिवळा-केशरी जोराचा, आणि लाल-जांभळा गडगडाटी ढगाचा गाभा, ज्यात गाराही असू शकतात. चित्र पाहताना सर्वप्रथम त्यावरील वेळ वाचावी. ती जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असेल तर साडेपाच तास मिळवावे लागतात. '११:४०' पाहून दुपारचे जुने चित्र म्हणून सोडून देणारे लोक प्रत्यक्षात सायंकाळी ५:१० चे ताजे चित्र सोडून देत असतात.

एका चित्राने काहीही कळत नाही. किमान दोन चित्रे, अर्ध्या तासाच्या अंतराची, पाहावी लागतात. ऑक्टोबरमधली एक सायंकाळ धरू. पूर्वेकडून वारे आहेत, मुरबाडच्या बाजूला ढग उभा आहे आणि आपल्याला कल्याण स्थानकाबाहेर दुचाकी काढून घरी जायचे आहे. ४:४० च्या चित्रात ढगाची पुढची, म्हणजे पश्चिमेकडची कड कल्याणपासून ३२ किलोमीटरवर आहे. ५:१० च्या चित्रात ती २० किलोमीटरवर आली आहे. अर्ध्या तासात १२ किलोमीटर, म्हणजे ताशी २४. उरलेले २० किलोमीटर कापायला पन्नास मिनिटे, म्हणजे पाऊस सहाच्या सुमारास कल्याणला. या उत्तराला दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस मिनिटांची सूट द्यावी आणि व्यवहारात लवकरची वेळ धरावी: ५:४० नंतर दुचाकी रस्त्यावर नको. शिवाय ढगातून खाली कोसळलेली थंड हवा पावसाच्या पुढे धावते, त्यामुळे धुळीचा झोत आणि पडणाऱ्या फांद्या थेंबांच्या आधी येतात. फलकाखाली किंवा जुन्या झाडाखाली आडोशाला उभे राहण्याची चूक नेमकी याच वेळी होते.

या हिशेबात ढगाच्या मध्यापासून अंतर मोजू नये, पुढच्या कडेपासून मोजावे. आणि ढग वाढतो आहे की विरतो आहे तेही पाहावे. दुसऱ्या चित्रात लाल गाभा मोठा झाला असेल, किंवा कडेच्या पुढे नवे ठिपके उगवले असतील, तर पाऊस गणितापेक्षा आधी येईल. लाल जाऊन नुसता पसरट हिरवा उरला असेल तर बहुधा हलक्या सरींवर भागेल.

रडारलाही दिसत नाही अशा जागा असतात, आणि त्या माहीत नसतील तर कोरडे चित्र फसवते. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी वळते, त्यामुळे शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर असतो आणि दोनशे किलोमीटरवर चार किलोमीटरच्या आसपास. त्यात मुंबई आणि पुण्याच्या मध्ये सह्याद्री उभा आहे. उंच गडगडाटी ढग दुरूनही दिसतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर बुटक्या ढगांतून संततधार लागलेली असताना रडारच्या चित्रात तिथे फिकट हिरवा किंवा काहीच दिसत नाही. माळशेज, वरंध, आंबोली या बाजूला जाताना रडार कोरडे दिसले म्हणून रस्ता कोरडा समजू नये. तिथे जिल्ह्याचा इशाराच खरा मानावा.

ज्या भागाला रडार लांब पडते, जसे मराठवाड्यातले बरेच तालुके, तिथे इन्सॅट उपग्रहांच्या चित्रांवर काम भागवावे. मात्र उपग्रह ढगांचा माथा दाखवतो, पाऊस दाखवत नाही. संपूर्ण जिल्हा पांढरा दिसत असूनही थेंब पडत नसेल तर त्यात नवल नाही. छोटा, झळझळीत पांढरा आणि झपाट्याने फुगणारा डाग दिसला तर सावध व्हावे.

टप्पा ६ : विजांसाठी वेगळा नियम

विजेच्या बाबतीत टक्केवारी, तुलना आणि हिशेब हे सगळे बाजूला ठेवावे. दामिनी ॲप आपल्या ठिकाणाभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळे दाखवते आणि त्या परिघात वीज पडली किंवा पडण्याची शक्यता असली तर सूचना देते. बाहेरच्या वर्तुळात हालचाल दिसली की काम आवरायला घ्यावे, आणि आतल्या वर्तुळात दिसली की काम तिथेच सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद काचांच्या मोटारीत जावे. बैलगाडी, दुचाकी, ट्रॅक्टरची उघडी बैठक, पत्र्याची चारही बाजूंनी उघडी शेड आणि एकटे झाड यांपैकी काहीही आसरा नव्हे.

फोन बंद पडला असेल तर कानांवर काम भागते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची आपल्यावर पडू शकते. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास जाईपर्यंत बाहेर पडू नये. पाऊस थांबला म्हणून लगेच शेतात परतणे ही घातक चूक आहे, कारण वीज पावसाच्या पट्ट्याबाहेरही पडते.

*सावधान :* दामिनीची सूचना आली नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. आभाळ काळवंडले आणि गडगडू लागले की ॲपची वाट पाहू नये.

टप्पा ७ : मुंबईकरांसाठी भरतीचे कोष्टक

मुंबईत पावसाचा अंदाज भरतीच्या वेळेशिवाय अपुरा असतो. शहरातल्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, आणि नंतरच्या सुधारणांत ५० मिलिमीटरचे लक्ष्य धरले गेले. समुद्र चढलेला असला की तेवढेही पाणी बाहेर जात नाही. साडेचार मीटरपेक्षा उंच भरती आणि जोराच्या पावसाचे तास एकत्र येत असतील, तर हिंदमाता, मिलन सब-वे, अंधेरी सब-वे अशा जागा त्या तीन-चार तासांत टाळाव्यात, मग तात्काळ अंदाज केशरी असो वा पिवळा. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊणएक तास उशिरा येते. कालच्या वेळेवर विसंबू नये.

शहराच्या नावाने एकच अंदाज पाहू नये, हेही इथेच सांगतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७४. कार्यालय फोर्टात आणि घर विलेपार्ल्यात असणाऱ्याने दोन्ही ठिकाणे पाहिलीच पाहिजेत.

टप्पा ८ : महिनाभर वहीत नोंद

कोणते ॲप चांगले, हा प्रश्न सारखा विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या गावापुरते आपणच काढायचे असते, कारण कोकणात बरोबर ठरणारे प्रारूप सोलापुरात तसे ठरेलच असे नाही. साध्या वहीत पाच रकाने आखावेत: दिनांक, सकाळी सातला दिसलेली टक्केवारी, अंदाजातले मिलिमीटर, पावसाची सांगितलेली वेळ आणि प्रत्यक्षात काय झाले. प्रत्यक्ष पाऊस मोजण्यासाठी सरळ भिंतीचा, तळ सपाट असलेला डबा उघड्यावर, छपरापासून आणि झाडांपासून दूर ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजून तो रिकामा करावा. बाटलीसारखे वरून निमुळते भांडे वापरले तर मोजमाप चुकते.

नोंद न पडलेल्या पावसाचीही करावी. भिजलेले दिवस आठवणीत राहतात आणि कोरडे विसरले जातात, त्यामुळे नुसत्या आठवणीवर ॲपला चांगले-वाईट ठरवणे अन्यायाचे होते. महिनाअखेरीस दोन गोष्टी मोजाव्यात: पाऊस सांगितला आणि पडला नाही असे दिवस किती, आणि सांगितला नव्हता पण पडला असे दिवस किती. वाळवण, फवारणी आणि कांदा यांसाठी दुसरा आकडा ज्या ॲपचा कमी तेच वापरावे, त्याचा पहिला आकडा थोडा जास्त असला तरी. पावसाळ्यात एक आणि ऑक्टोबरमध्ये एक अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात, कारण दोन्ही ऋतूंत एकच ॲप वरचढ राहील असे नसते.